क्रूगरमध्ये स्वतः गाडी चालवत सफारी: चार मित्रांसाठी, बेताच्या खर्चात

आफ्रिकेतली सफारी म्हटलं की पहिला फोन टूर कंपनीला जातो, समोरून आकडा ऐकू येतो आणि विषय ‘पुढच्या वर्षी बघू’वर संपतो. केनिया-टांझानियात ते बरंचसं खरं आहे. तिथे प्रवेशशुल्क, उघड्या छपराची जीप, चालक आणि तंबू हे सगळं बहुधा एकत्रच विकत घ्यावं लागतं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात मात्र तुम्ही भाड्याच्या साध्या गाडीने गेटमधून आत शिरता आणि आठवडाभर स्वतःच फिरता. सोबत गाइडची सक्ती नाही, सकाळ-दुपारच्या ठरावीक फेऱ्या नाहीत. १९२६ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जंगल साधारण १९,५०० चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे बफर धरून जेवढं ताडोबा भरेल त्याच्या अकरापट. आणि त्याच्या बऱ्याच भागात चक्क डांबरी रस्ते आहेत.

स्वस्त पडण्याचं कारण सरळ आहे: गाडी तुम्ही चालवता, स्वयंपाक तुम्ही करता, प्राणीही तुम्हीच शोधता. सुट्टीत यातलं काहीच करायची इच्छा नसलेला गट असेल, तर पैसे साठवून केनियाला जा. सगळेच मजेत राहाल.

१. आधी माणसं ठरवा, मग तारखा

गाडीत चार माणसं हवीत. ‘पाचवा आला तर खर्च आणखी वाटला जाईल’ हा हिशेब कागदावरच बरा दिसतो. सफारीत प्रत्येकाला खिडकी लागते. मागच्या सीटवर मध्ये बसलेल्याला आठ दिवस दुसऱ्यांच्या डोक्यांमधून बिबट्या बघावा लागतो, आणि तिसऱ्या दिवसापासून तो बोलायचा बंद होतो. पाच जण असाल तर दोन गाड्या घ्या.

चौघांपैकी निदान दोघांना गाडी चालवता यायला हवी. पहाटे साडेचारला उठायची सगळ्यांची तयारी आहे का, हे तिकिटं काढायच्या आधी स्पष्ट विचारा. ‘मी झोपतो, तुम्ही जाऊन या’ असं म्हणणारा एकजण असला की रोज कॅम्पवर (उद्यानातल्या मुक्कामाच्या जागी) परतून त्याला घ्यावं लागतं आणि दिवसाचा तुकडा पडतो. पैशांसाठी पहिल्याच दिवशी सारखी कॉन्ट्री काढा आणि हिशेब एकाकडे द्या.

२. महिना

मे ते सप्टेंबर हा तिथला कोरडा काळ. गवत बसतं, पानं झडतात, पाणवठे आटतात आणि प्राणी नदीकाठी येतात. आपली मे महिन्याची सुट्टी यात नेमकी बसते. शिवाय तिथल्या शाळांना तेव्हा सुट्टी नसते, त्यामुळे कॅम्प मिळण्याची शक्यताही बरी असते. जून-जुलैतली त्यांची शाळेची सुट्टी, ईस्टर आणि डिसेंबर मात्र टाळा.

दिवाळीच्या सुट्टीत जायचं तर उकाडा आणि अधूनमधून पाऊस धरूनच जा. नोव्हेंबर-डिसेंबरात इंपाला हरणांची पाडसं जन्मतात, स्थलांतर करून आलेले पक्षी असतात, जंगल हिरवंगार असतं. पण त्या हिरवळीत दहा फुटांवर बसलेला सिंहही दिसत नाही. पहिलीच खेप असेल तर कोरडा काळच निवडा.

३. कॅम्पची नोंदणी

उद्यान चालवणारी सरकारी संस्था म्हणजे सॅनपार्क्स. राहण्याची नोंदणी तिच्या संकेतस्थळावर थेट करा, मध्ये दलालाची गरज नाही. नोंदणी साधारण अकरा महिने आधी उघडते आणि चांगल्या जागा लवकर जातात. भरलेलं दिसलं तरी आठवड्यातून दोनदा बघत राहा, कारण लोक रद्द करत असतात. कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून ठेवा, नाहीतर पैसे भरताना वेळ संपतो आणि जागा सुटते.

राहायचे प्रकार असे: तंबू लावायची मोकळी जागा सगळ्यात स्वस्त. त्यानंतर कायमचे उभारलेले तंबू आणि साध्या खोल्या, ज्यांना स्नानगृह व स्वयंपाकघर सामायिक असतं. त्यावर बंगला: गोल, गवताच्या छपराची खोली, आत स्नानगृह, बाहेर व्हरांड्यात फ्रिज आणि अनेकदा छोटा ओटा. मित्रांनी दोन खोल्या घेतल्या तर बंगलाही आवाक्यात येतो. एक-दोन रात्री साध्या खोलीत आणि बाकी बंगल्यात, अशी मिसळ करावी. सामायिक स्नानगृहं बहुतेक वेळा चांगली स्वच्छ असतात.

आता सगळ्यात मोठा सापळा: अंतरं. उद्यान उत्तर-दक्षिण साडेतीनशे किलोमीटर लांब आहे. नकाशा बघून ‘आज दक्षिणेला, उद्या उत्तरेला’ असा कार्यक्रम आखणारे लोक अख्खी सहल गाडी हाकण्यात घालवतात. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५०, मातीच्या रस्त्यावर ४०. थांबत, बघत जाताना प्रत्यक्ष सरासरी पडते २५. स्कुकुझा आणि सतारा या दोन कॅम्पांमधलं नव्वदेक किलोमीटरचं अंतर कापायला सकाळ जाते.

म्हणून पहिल्या खेपेला दक्षिण आणि मध्य भागातच राहा. प्राण्यांची दाटी तिथे जास्त आहे. सात रात्रींचा माझ्या पसंतीचा क्रम: बर्ग-एन-डाल २, लोअर साबी २, सतारा २, स्कुकुझा १. (हो, कॅम्पचं नाव सताराच आहे. आमच्यातला साताऱ्याचा मित्र पाटीशेजारी फोटो काढल्याशिवाय हलला नाही.) लोअर साबी नदीकाठी आहे आणि गेटबाहेर पडताच सनसेट डॅमचा तलाव लागतो. पाणघोडे, मगरी आणि करकोचे बघायला गाडी फक्त कडेला लावायची. सतारा भोवतीचा मोकळा गवताळ प्रदेश सिंहांसाठी प्रसिद्ध आहे, त्यातही एस१०० हा मातीचा रस्ता. स्कुकुझा सगळ्यात मोठं, गजबजलेलं. दुकान, पेट्रोल पंप, डॉक्टर, सगळं तिथे मिळतं. एक रात्र पुरे.

आणखी एक गोष्ट लोकांना गेटवर कळते आणि तोंड उतरतं: राहण्याच्या पैशांत प्रवेशशुल्क धरलेलं नसतं. परदेशी प्रौढ माणसाला दिवसाला सहाशे रँडच्या वर वेगळं भरावं लागतं, आणि हा दर दर वर्षी नोव्हेंबरपासून बदलतो. रँड पाच रुपयांचा धरला तर माणशी रोजचे तीन हजार झाले. आठवड्याहून जास्त राहणार असाल तर वाइल्ड कार्ड या वर्षभर चालणाऱ्या प्रवेशपासाचा हिशेब करून बघा, कधीकधी तेच स्वस्त पडतं.

४. व्हिसा, लस आणि कागदपत्रं

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून जातो, आणि वेळ लागतो. प्रवासाच्या दोन महिने आधी अर्ज गेलेला बरा. अलीकडे दक्षिण आफ्रिकेने भारतीय पर्यटकांसाठीच्या पद्धतीत बदल सुरू केले आहेत, त्यामुळे मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राची यादी डोळे झाकून वापरू नका. अधिकृत संकेतस्थळावरची ताजी यादी छापून घ्या. साधारण हे लागतं:

- परतीच्या तारखेनंतर निदान ३० दिवस चालणारा पासपोर्ट, त्यात दोन कोरी पानं (मी म्हणेन, सहा महिने चालणाराच ठेवा)
- भरलेला अर्ज आणि फोटो
- बँकेचा शिक्का असलेलं तीन महिन्यांचं खात्याचं विवरण
- आयकर विवरणपत्र, नोकरी असेल तर रजेचं पत्र
- विमानाचं आरक्षण आणि सॅनपार्क्सच्या नोंदणीच्या पावत्या
- दिवसवार कार्यक्रम आणि सोबत एक साधं पत्र: कोण जातोय, किती दिवस, खर्च कोण करणार
- प्रवासविमा

पावती बहुतेक वेळा एकाच्याच नावावर निघते. बाकी तिघांची नावंही नोंदणीत घालून घ्या आणि प्रत्येकाच्या अर्जाला ती पावती जोडा. गटातल्या एकाचाच व्हिसा अडकला तर बाकीच्यांचाही कार्यक्रम कोलमडतो.

पीतज्वराच्या लशीवरून बराच गोंधळ असतो. दक्षिण आफ्रिका स्वतः पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत नाही. पण स्वस्त विमानं बहुधा आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जातात, आणि ते देश यादीत आहेत. तिथल्या विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिकेत पिवळं कार्ड, म्हणजे लशीचं प्रमाणपत्र, मागतात. काउंटरवर वाद घालण्यापेक्षा लस घेऊन टाका. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, आधी वेळ घ्यावी लागते. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. दुबई किंवा दोहामार्गे जात असाल तर हा प्रश्न उद्भवत नाही, फक्त तिकीट महाग असू शकतं.

क्रूगरच्या भागात मलेरिया आहे. ऑक्टोबर ते मे धोका जास्त, थंडीत कमी. गोळी कोणती घ्यायची हे डॉक्टरांना विचारा. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते, अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल एक आठवडा. घरातली जुनी क्लोरोक्विन तिथे कामाची नाही.

५. गाडी

स्टिअरिंग उजवीकडे, वाहतूक डावीकडून. पुण्या-मुंबईत गाडी चालवणाऱ्याला पाच मिनिटांत हात बसतो. हॅचबॅक पुरते, फोर बाय फोरची काही गरज नाही. मात्र उंच बसायला मिळालं तर गवतापलीकडचं दिसतं. चौघांना आणि चार बॅगांना एर्टिगाच्या आकाराची गाडी उत्तम. ती तिथे भाड्याने सर्रास मिळते, सुझुकी आणि टोयोटा अशा दोन्ही नावांनी.

आपलं लायसन्स इंग्रजीत असेल आणि त्यावर फोटो व सही असेल तर तिथे चालतं, पण गाडी देणाऱ्या कंपन्या आंतरराष्ट्रीय परवाना मागू शकतात. तो आपल्या आरटीओतून परिवहन संकेतस्थळावर अर्ज करून मिळतो, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. दोघांनीही काढा. मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. अनामत त्यावर रोखून धरतात, त्यामुळे मर्यादा मोकळी ठेवा. डेबिट कार्ड दाखवून काउंटरवर अडकलेले लोक मी पाहिले आहेत.

विम्यात टायर आणि काच धरलेली आहे का, ते वाचा. मातीच्या रस्त्यावर खडा उडून काच तडकणं हेच सगळ्यात जास्त घडतं. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, छत आणि चाकांच्या रिम्ससकट. आमच्या ओळखीच्या एका गटाकडून एका कंपनीने आधीपासूनच्या ओरखड्याचे पैसे कापले होते. व्हिडिओ पाठवल्यावर ते परत आले.

६. जोहान्सबर्ग ते गेट

ओ. आर. टॅम्बो विमानतळावरून एन४ महामार्गाने मलेलेन गेट साधारण ४०० किलोमीटर. रस्ता सुरेख आहे, टोलनाके आहेत, साडेचार-पाच तास लागतात. सकाळी उतरलात तरच त्याच दिवशी निघा. दुपारी विमान उतरत असेल तर विमानतळाजवळ किंवा वाटेत रात्र काढा. अंधारात महामार्गावर गाडी चालवू नका, आणि उद्यानाची गेटं ऋतूप्रमाणे साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान बंद होतात. उशीर झाला तर आत घेतीलच याची खात्री नाही.

नकाशाचं ॲप कधीकधी नुम्बी गेटचा रस्ता सुचवतं. २०२२ मध्ये त्या रस्त्यावर एका जर्मन पर्यटकाचा खून झाला होता. मलेलेन किंवा क्रोकोडाइल ब्रिज गेट धरा, पूर्ण रस्ता एन४ने जातो. जोहान्सबर्गमध्ये सिग्नलला काचा वर, दारं बंद, फोन आणि बॅगा नजरेआड. विमानतळावर पासपोर्ट दाखवून सिम घ्या, नकाशे फोनवर उतरवून ठेवा.

चार रस्ते मिळतात तिथे सिग्नल नसेल तर चारही बाजूंनी थांबायची पाटी असते. जो आधी येऊन थांबला तो आधी जातो. कोणी कितीही मागे असला तरी नाक खुपसत नाही. पहिले दोन चौक आपण आदराने बघत राहतो आणि मागचा हॉर्नही वाजवत नाही.

मिडलबर्गजवळ अल्झू नावाचा थांबा आहे. पेट्रोल भरा, कॉफी घ्या आणि स्वच्छतागृहात जा. तिथल्या काचेतून मागच्या कुंपणात चरणारे गेंडे आणि रानम्हशी दिसतात. सफारीतला पहिला गेंडा असा हात धुताना दिसावा, हे मला अजूनही पटत नाही.

७. बाजारहाट आणि शेगडी

आत दुकानं आहेत, पण महाग आणि मोजक्या वस्तूंची. म्बोम्बेला (जुनं नाव नेलस्प्रुट) किंवा मलेलेनच्या सुपरमार्केटमध्ये आठवड्याचं सामान भरा: तांदूळ, मसूर, अंडी, ब्रेड, चीज, कांदे-बटाटे, वांगी, फळं, पाच लिटरचे पाण्याचे कॅन. दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाची मोठी वस्ती असल्याने मसाले आणि पोळीचं पीठही मिळतं. घरून कच्ची कडधान्यं, बियाणं, ताजी फळं, तूप, मध नेऊ नका, विमानतळावर अडवतात. पाकीटबंद गोडा मसाला, मेतकूट, चिवडा, पोह्यांचं तयार मिश्रण एवढं पुरे, आणि विचारलं तर सांगायचं.

प्रत्येक खोलीपुढे विस्तवाची जाळी असते. तिथल्या लोकांचा तो संध्याकाळचा धर्मच आहे. त्याला ब्राय म्हणतात. लाकडं, कोळसा आणि पेटवायच्या वड्या कॅम्पच्या दुकानात मिळतात. शेजारी मांस भाजत असतात; आम्ही वांगी ठेवली. साल काळी पडून फुटायला लागली, रस निखाऱ्यावर पडून चुरचुरला, वर कांदा, मिरची, तेल, मीठ. बाजूला कणसं. शेजारच्या आजोबांनी चव घेतली आणि दुसऱ्या दिवशी पत्नीला कृती विचारायला पाठवलं. शाकाहारी मंडळींनी कॅम्पच्या रेस्तराँवर विसंबू नये. चीज सँडविच, बटाट्याच्या तळलेल्या फोडी आणि सॅलड याच्या पुढे यादी फारशी जात नाही.

माकडं आणि बबून ही खरी अडचण. व्हरांड्यातल्या फ्रिजला आणि कपाटाला कडी किंवा जाळी असते, ती प्रत्येक वेळी लावा. ‘दोन मिनिटं’ म्हणून टेबलावर ठेवलेला ब्रेड दोन मिनिटांतच जातो. कॅम्पच्या कुंपणाशी रात्री तरस येऊन उभं राहतं. कोणीतरी हाडकं टाकतो म्हणूनच ते येतं. तुम्ही टाकू नका.

तिथले प्लग आपल्या गीझरच्या पंधरा अँपिअरच्या जाड तीन गोल पिनांचे असतात. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून तसा कन्व्हर्टर आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड घ्या. चार फोन, दोन कॅमेरे, एक सॉकेट, असं भांडण टळेल.

८. जंगलातला दिवस

कॅम्पचं फाटक उघडायच्या दहा मिनिटं आधी रांगेत उभे राहा. रात्री मोकळ्या असलेल्या रस्त्यांवरून मार्जारकुळातले प्राणी चालत असतात, आणि पहिल्या दोन-तीन गाड्यांना ते रस्त्यावरच सापडतात. थर्मासमध्ये चहा, बिस्किटं, आणि निघायच्या आधी स्वच्छतागृह. पुढचं स्वच्छतागृह तासा-दोन तासांवर असू शकतं आणि वाटेत गाडीतून उतरायला सक्त मनाई आहे. सनरूफमधून डोकं काढणं, खिडकीवर बसणं, हेही नाही. दंड होतो, आणि व्हायलाच हवा.

वेग वीस-पंचवीस ठेवा, काचा खाली, गाणी बंद. सगळ्यांनी सगळीकडे बघू नये. पुढचे दोघे रस्ता आणि कडेची सावली बघतील, मागचे दोघे आपापली बाजू. प्राणी शोधू नका, विसंगती शोधा: उभ्या झाडोऱ्यात एखादी आडवी रेघ, हलणारा कान, फांदीवरून लोंबणारं काहीतरी. ताडोबात चितळाचा कॉल ऐकून जीप थांबते, तसंच इथे इंपालाचं फुरफुरणं. सगळा कळप एकाच दिशेला मान करून ताठ उभा असेल तर तुम्हीही तिकडेच बघत थांबा. जिराफ टक लावून बघत असेल तर आणखी चांगलं, त्याला वरून दिसतं. झाडावर गिधाडं बसली असतील तर खाली शिकार असू शकते. रस्त्याखालच्या मोऱ्यांची तोंडंही न्याहाळत जा. तरसांची पिल्लं तिथे वाढतात आणि सकाळच्या उन्हाला बाहेर येऊन गाडीचा टायर हुंगतात.

कॅम्पमध्ये नकाशाचा फलक असतो, लोक रंगीत खुणा लावून आज कुठे काय दिसलं ते सांगतात. सकाळी निघताना बघा. मात्र कालच्या सिंहाच्या मागे साठ किलोमीटर धावू नका. समोरून येणारी गाडी हळू होऊन काच खाली करते, तेव्हा तुम्हीही करा. खरी बातमी तिथे मिळते. गेंडा दिसला तर जागा कुणालाही सांगू नका, फोटोतलं ठिकाणही बंद ठेवा. शिकारी टोळ्या अशाच माहितीवर चालतात.

स्कुकुझा ते लोअर साबी हा नदीकाठचा एच४-१ रस्ता बिबट्यासाठी नावाजलेला आहे आणि म्हणूनच तिथे गाड्यांची गर्दी होते. दुसऱ्याचा रस्ता अडवून उभे राहू नका. स्कुकुझाजवळच्या लेक पॅनिकच्या पक्षीनिरीक्षण झोपडीत दुपारचा एक तास घालवा. आपल्या नीलपंखाचा लांब शेपटीचा, जांभळ्या छातीचा भाऊबंद तर रस्त्याकडेच्या प्रत्येक दुसऱ्या काटकीवर दिसतो.

दुपारी अकरा ते तीन प्राणी सावलीत असतात. तुम्हीही कॅम्पवर या, जेवा, झोपा. दिवसभर गाडीत बसून राहिलेला गट चौथ्या दिवशी एकमेकांवर खेकसायला लागतो.

सामानात दुर्बीण माणशी एक. एकच दुर्बीण चौघांत फिरवली तर तिसऱ्याच्या हातात येईपर्यंत प्राणी गेलेला असतो. ८x४२ची चांगली. कॅमेऱ्याला आधार म्हणून रिकामी कापडी पिशवी न्या आणि तिथल्या तांदळाने भरून खिडकीवर ठेवा. शेवटच्या रात्री त्याची खिचडी करता येते. जून-जुलैत कानटोपी आणि जाड जॅकेट हवंच, आफ्रिका म्हणून फक्त टी-शर्ट भरू नका. ड्रोनला बंदी आहे.

९. हत्तीसमोर

क्रूगरमध्ये सिंहापेक्षा हत्तीची काळजी घ्या. सिंह गाडीकडे बहुधा दुर्लक्ष करतो, हत्ती करत नाही. लोअर साबीकडून दक्षिणेला जाणाऱ्या एस२८ या मातीच्या रस्त्यावर एक नर आमच्याकडे चालत आला. घाईत नव्हता, रस्त्याच्या मधून, सावकाश. कानशिलापासून जबड्यापर्यंत ओली काळी रेघ, मागच्या पायांच्या आतल्या बाजू ओल्या, आणि वाऱ्याबरोबर उग्र वास. ही मद चढलेल्या नराची लक्षणं. अशा वेळी थांबून फोटो काढायचा नसतो. इंजिन चालू, रिव्हर्स, हळूहळू मागे, वळण किंवा रुंद जागा मिळेपर्यंत. मागे गाड्या असतील तर त्यांनाही मागे सरकायची खूण करा.

एरवीही पन्नास मीटर अंतर ठेवा. मादी आणि पिल्लाच्या मध्ये गाडी घालू नका. कान पसरले, डोकं झटकलं, सोंड गुंडाळली तर मागे व्हा. हॉर्न वाजवणं म्हणजे भांडण मागणं. आणि रस्ता अडला म्हणून फाटकाला उशीर होणार असेल तरी पुढे घुसू नका. म्हणूनच शेवटचा अर्धा तास कायम हातात ठेवून परतीला लागायचं.

गाडी पंक्चर झाली तरी उतरून चाक बदलायला लागू नका. प्रवेशपत्रावर किंवा नकाशावर आपत्कालीन क्रमांक असतो, त्यावर फोन करा. सिग्नल नसेल तर जाणाऱ्या गाडीला निरोप द्या.

१०. एक रात्रफेरी

अंधार पडल्यावर खासगी गाड्यांना बाहेर पडता येत नाही, पण कॅम्पमधून सॅनपार्क्सची उघडी गाडी जाते. एकदा तरी जा. जवादी, साळिंदर, झाडावरचे मोठ्या डोळ्यांचे बुशबेबी दिवसा दिसत नाहीत. बंदुकधारी रेंजरांबरोबरची पहाटेची पायी फेरीही असते. दोन्हींची नोंदणी आधीच करा.

११. पैशांचा अंदाज

चौघे, सात रात्री, माणशी: विमान ५०-६५ हजार रुपये, हंगाम आणि मार्गानुसार. प्रवेशशुल्क वीस-बावीस हजार. साध्या खोल्या आणि बंगले मिळून राहणं वीस ते तीस हजार. गाडी, पेट्रोल, टोल बारा-पंधरा हजार. स्वतः रांधलंत तर जेवण सात-आठ हजार. व्हिसा केंद्राचं शुल्क, विमा, लस, रात्रफेरी मिळून दहा-बारा हजार. म्हणजे सव्वा ते दीड लाख. दोघेच गेलात तर गाडीचा वाटा दुप्पट होतो. काटकसर करायची असेल तर ती विमानाच्या तारखांत आणि खोलीच्या प्रकारात करा. गाडीचा विमा आणि रात्रफेरी यांत करू नका.

पंपावर माणूसच पेट्रोल भरतो, काच पुसतो. त्याला पाच-दहा रँड द्यायची पद्धत आहे. पार्किंगमध्ये गाडीवर लक्ष ठेवणाऱ्यालाही. सुटे ठेवा.

१२. परतताना

जंगलातलं पीस, साळिंदराचा काटा, हाड, शिंपला, काहीही उचलू नका, आणि हस्तिदंताच्या वस्तूकडे तर बघूही नका. विमानाच्या दिवशी सकाळी क्रूगरमधून निघून संध्याकाळचं उड्डाण पकडणं शक्य असतं, पण एन४वर काम चालू असलं तर घाम फुटतो; रात्रीचं उड्डाण घ्या किंवा आदल्या दिवशी बाहेर पडा. टाकी भरून पावती जपून ठेवा, गाडी परत करताना पुन्हा व्हिडिओ काढा. अनामत खात्यात परत यायला एक-दोन आठवडे लागू शकतात.

मलेरियाची गोळी घरी आल्यावर अर्ध्यात सोडू नका. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर ‘विमानातल्या एसीने झाला असेल’ म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना आफ्रिकेतून आल्याचं पहिल्या वाक्यात सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.